पुस्तकी जर्मन, घरगुती जर्मन

परकी भाषा शिकणे आणि नव्या सुनेने सासरचे स्वयंपाकघर समजून घेणे यांत फारसा फरक नाही. मीठ कोठे, डाळ कोठे, हे विचारले की कळते. पण कोणते झाकण कोणत्या डब्याला बसते, आणि सासूबाईंच्या 'राहू दे'चा अर्थ खरोखरच 'राहू दे' आहे की 'ताबडतोब उचल' आहे, हे त्या घरात चार महिने काढल्यावाचून उमगत नाही. जर्मनीत राहून जर्मन शिकताना मला जे काही मिळाले त्याचे सार एवढेच. मात्र ते हाती लागेपर्यंत माझी आणि माझ्या सहाध्यायांची जी त्रेधा उडाली, ती वाचकांना सांगण्यासारखी आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. या व्यवसायाला मराठीत 'भौतिकोपचारतज्ज्ञ' असा भारदस्त शब्द आहे. पण तो उच्चारताना रोग्याचा जबडा दुखावण्याची भीती असल्यामुळे मी तो वापरीत नाही. जर्मनीत हे काम करायचे तर आपली पदवी तेथील सरकारने मान्य करावी लागते आणि भाषेची परीक्षाही द्यावी लागते. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात: ए-१ पासून सी-२ पर्यंत. मला चौथी, म्हणजे बी-२, चढायची होती. पहिल्या तीन मी पुण्यातच चढले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात ट्युबिंगेन या गावी जाऊन पोहोचले.

ट्युबिंगेन हे नेकार नदीच्या काठचे विद्यापीठाचे गाव. विद्यापीठाची स्थापना १४७७ ची. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य असताना येथे पोरे परीक्षेला बसत होती! श्टुटगार्टहून आगगाडीने सुमारे तासाभरात येथे येता येते. (श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, हे पुष्कळ मुंबईकरांच्याही गावी नसेल.) हा सारा मुलूख श्वाबेन म्हणून ओळखला जातो. येथील माणसे काटकसरी, कष्टाळू आणि मितभाषी म्हणून सबंध जर्मनीत प्रसिद्ध. ती जे थोडके बोलतात ते पुस्तकातले जर्मन नसते, ही गोष्ट मात्र मला पुण्यात कोणी सांगितली नव्हती.

मराठीची पुण्याई

प्रथम वर्गातली हकीकत सांगते, कारण तेथे मराठी माणसाला मान ताठ ठेवता येते.

आमच्या वर्गात नाना देशांची मंडळी होती. लंडनची एक मुलगी, ब्राझीलचा एक तरुण, केरळातली एक परिचारिका आणि आणखी दहाबारा जण. जर्मन भाषेत नामांची तीन लिंगे असतात हे ऐकताच लंडनच्या मुलीने पेन खाली ठेवले. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. याला कारण काय, असा तिचा सवाल. मी मनाशी हसले. आपल्या ताटात तरी काय आहे? तो भात, ती पोळी आणि ते वरण! कारण कोणी विचारले आहे? जर्मनमध्ये मुलीला 'मेड्शेन' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी, यावर तर वर्गात केवढा गहजब झाला. पण 'काय गोड पोरगं आहे ते!' असे म्हणणाऱ्या आपल्या आज्ज्यांना त्यात काहीच नवल वाटले नसते.

आकड्यांचेही तसेच. जर्मन माणूस एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'एक आणि वीस' म्हणतो. इंग्रज आधी वीस म्हणतो, मग एक. त्यामुळे कोणी दूरध्वनीचा क्रमांक जोड्याजोड्यांनी सांगू लागला की लंडनच्या मुलीची लेखणी मागेपुढे धावू लागे. एकदा घर भाड्याने घेण्यासाठी म्हणून तिने फोन लावला, तो लागला एका पाववाल्याला. त्याने तिला घर दिले नाही, पण उद्या सकाळचे ताजे पाव राखून ठेवले. आपण मात्र एकवीस, बावीस, त्रेवीस म्हणतच लहानाचे मोठे झालेलो.

वाक्याच्या शेवटी क्रियापद येते म्हणून मार्क ट्वेनने जर्मन भाषेवर एक सबंध निबंध लिहून तिची थट्टा केली. तो १८७८ साली हायडेलबर्गला राहिला होता, आणि १८८० च्या त्याच्या प्रवासवर्णनाला हा निबंध परिशिष्ट म्हणून जोडला आहे. बिचाऱ्याला मराठी येत नसावे. 'मी आज आजारी आहे' यातला 'आहे' आपण शेवटीच ठेवतो. आणि जर्मन माणूसही 'कारण मी आजारी' म्हटल्यावर 'आहे' शेवटीच टाकतो. थंडी वाजली तर जर्मन माणूस 'मिअर इस्ट काल्ट' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मला थंड आहे'. आपल्या 'मला थंडी वाजते'चीच ही चुलत बहीण. इंग्रजीतून विचार करणारे 'मी थंड आहे' असे म्हणून बसतात, आणि मग शिक्षिका गालातल्या गालात हसतात. तसे म्हटले तर माणसाच्या अंगाला नव्हे, त्याच्या स्वभावाला ऊब नाही, असा अर्थ होतो.

केरळची परिचारिका या गावात माझ्याहूनही ताठ मानेने वावरे. हेर्मान गुंडर्ट हा श्टुटगार्टमध्ये १८१४ साली जन्मलेला आणि ट्युबिंगेनला शिकलेला मिशनरी. तो मलबारात जाऊन राहिला आणि १८७२ मध्ये त्याने मल्याळम-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. तलश्शेरीला त्याचा पुतळा आहे. 'सिद्धार्थ' ही कादंबरी लिहिणारे हेर्मान हेस्से हे त्याचे नातू. तेही तरुणपणी, १८९५ पासून, ट्युबिंगेनच्या एका पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करीत होते. "तुमचा माणूस आमची भाषा शिकायला एवढ्या दूर आला, आता फेड करायला मी आले आहे," असे ती शिक्षिकेला सुनावी. याच विद्यापीठात रुडोल्फ रोट या पंडिताने संस्कृत शिकविले, आणि ओटो ब्योटलिंक यांच्यासमवेत १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश सिद्ध केला. ज्या गावातील माणसे घरबसल्या वेदांतले शब्द उलगडीत होती, त्या गावात मला बसथांब्यावरचे बोलणे उलगडेना, ही खरी गंमत.

आजीबाईंची शाळा

मी राहत होते एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विधवा बाईंकडे. जुने तीन मजली घर. खाली त्या, मधल्या मजल्यावर मी आणि वर हाम्बुर्गचा एक विद्यार्थी. मी त्यांना मनातल्या मनात 'आजीबाई' म्हणे. तोंडाने मात्र आडनावापुढे 'फ्राउ' लावून 'झी', म्हणजे 'तुम्ही' म्हणे. त्याही मला 'झी'च म्हणत. त्या घरात शिरल्यापासून माझी दुसरी शाळा सुरू झाली. तिला पुस्तक नव्हते आणि सुट्टीही नव्हती.

पहिला धडा जामचा. सप्टेंबरात तेथे निळ्याजांभळ्या, लांबट आलुबुखारांचा हंगाम असतो. आजीबाईंनी मोठ्या पातेल्यात त्यांचा जाम रटरटत ठेवला होता. जामला सबंध जर्मनी 'मार्मेलाडे' म्हणते, श्वाबेनमध्ये मात्र 'ग्झेल्त्स'. त्यांनी माझ्यापुढे एक बरणी ठेवली, हातात पळी घेतली आणि म्हणाल्या, "हेबेट झे!" 'हेबेन' म्हणजे उचलणे, पुण्यात या क्रियापदाची सारी रूपे मी घोकली होती. मी लगेच बरणी उचलली. पळी जिथे उपडी झाली तिथे आता बरणी नव्हती, पांढरे टेबलक्लॉथ होते. आजीबाई ओरडल्या, "हेबे, नेट लुप्फे!"

संध्याकाळी वरच्या विद्यार्थ्याला विचारले, तर तोही म्हणाला, "हेबेन म्हणजे उचलणे. तुम्ही केले तेच बरोबर." तो अस्सल जर्मन, पण उत्तरेकडचा. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने उलगडा केला. श्वाबेनमध्ये 'हेबेन' म्हणजे धरून ठेवणे. उचलायचे असेल तर 'लुप्फेन'. म्हणजे आजीबाईंचे म्हणणे होते, 'धर गं बाई, उचलू नकोस!'

त्यानंतर मी एक वही केली. डाव्या रकान्यात पुस्तकी अर्थ आणि उजव्या रकान्यात आजीबाईंचा. नोव्हेंबरात थंडी पडली तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्हाला आणखी एक टेप्पिश हवा का?" 'टेप्पिश' म्हणजे गालिचा. माझ्या खोलीत जमिनीवर एक होताच. दुसरा कशाला, म्हणून मी आभार मानून नको म्हटले, आणि रात्रभर कुडकुडले. सकाळी वहीत नोंद झाली: टेप्पिश म्हणजे लोकरी पांघरूण. एकदा मी फाटकाशी असताना बस येताना दिसली, आणि आजीबाई खिडकीतून ओरडल्या, "श्प्रिंगेट झे!" पुस्तकाप्रमाणे 'श्प्रिंगेन' म्हणजे उडी मारणे. साडी नसली तरी ओव्हरकोट घातलेल्या बाईने फाटकात उडी कशासाठी मारायची, याचा विचार करीत मी उभी राहिले आणि बस निघून गेली. नोंद: श्प्रिंगेन म्हणजे धावणे. आणि 'फूस', म्हणजे पाऊल, हा शब्द तर मला व्यवसायामुळे तोंडपाठ. पण आजीबाई 'फुअस' दुखतो म्हणाल्या की हात ठेवीत मांडीवर! येथे 'फुअस' पावलापासून थेट कमरेपर्यंत जातो. शरीरशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर लिहिले असते तर गुण मिळाले नसते.

वेळेचा घोळ तर सगळ्यांनाच भोवला. एका रविवारी आजीबाईंनी माझ्या मैत्रिणीला आणि ब्राझीलच्या तरुणाला कॉफी आणि केकसाठी बोलाविले. वेळ सांगितली, 'फिअर्टेल फिअर', म्हणजे शब्दशः 'पाव चार'. लंडनची मुलगी पावणेचारला आली. ब्राझीलचा तरुण सव्वाचारला आला. आणि आजीबाई सव्वातीनपासून केक कापून बसल्या होत्या! त्यांच्या हिशेबी 'पाव चार' म्हणजे चौथा तास पावभर झाला, अर्थात सव्वातीन. 'पाऊण चार' म्हणजे पावणेचार आणि 'अर्धे चार' म्हणजे साडेतीन. पाहुण्यांना हे विचित्र वाटले. पण आपला 'अडीच' हा शब्द तरी कोठून आला? संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' या शब्दावरून. ज्यातला तिसरा अर्धाच आहे, ते अडीच. आजीबाईंचे घड्याळ आणि आमचे पाढे एकाच कारखान्यातून निघाले होते. मी त्यांना हे समजावून सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हिंदुस्थानात लोकांना वेळ नीट सांगता येते तर!"

घराबाहेरही व्याकरण होतेच. रविवारी दुकाने बंद. १९५६ च्या दुकानबंदीच्या कायद्याआधीपासूनच रविवारच्या विश्रांतीला तेथील राज्यघटनेचे संरक्षण आहे. त्यामुळे शनिवारी दूध आणले नाही तर सोमवारपर्यंत कोरा चहा. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली परत दिली की पंचवीस सेंट मिळतात. ती कचऱ्यात टाकणे म्हणजे पैसे टाकणे. आणि एके दिवशी माझ्या दारावर 'केअरवोखे' अशी पाटी लटकली. ती स्वागताची नव्हती. या आठवड्यात जिना आणि घरासमोरचा फरसबंद रस्ता झाडण्याची पाळी माझी, असा तिचा अर्थ. आठवडा संपला की ती पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. आमच्या वाड्यातल्या नळावरच्या पाळ्या आठवून मला घरच्यासारखे वाटले.

वहीचा उपयोग

फेब्रुवारीतल्या एका रात्री दहाच्या सुमाराला तळघरातून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मी खाली धावले. माझ्या मागोमाग हाम्बुर्गचा विद्यार्थी. आजीबाई बटाटे आणायला म्हणून उतरल्या होत्या, त्या शेवटच्या पायऱ्यांवरून घसरून पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक. "माइ फुअस! माइ फुअस!" एवढेच त्या म्हणत होत्या.

विद्यार्थी गुडघ्यावर बसून त्यांच्या पायातला जोडा सोडू लागला आणि घोटा चाचपू लागला. घोट्याला काही झाले नव्हते. मी दिव्याच्या उजेडात पाहिले, तो डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले होते. आमच्या व्यवसायात हे चित्र पाहिले की काळजात धस्स होते. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडल्याची ती खूण. अशा माणसाला हलवायचे नाही, उभे तर मुळीच करायचे नाही.

तेवढ्यात आजीबाईंनी हात पुढे केला आणि कळवळून म्हणाल्या, "हेब मि!"

विद्यार्थी भला मुलगा होता. मातृभाषेतली विनंती त्याने मातृभाषेच्या अर्थाने घेतली, आणि त्यांना उचलण्यासाठी काखांखाली हात घातले. मला त्या क्षणी शुद्ध जर्मन सुचले नाही, इंग्रजीही सुचले नाही. तोंडातून निघाले ते जामच्या दिवशीचे शब्द: "हेबे, नेट लुप्फे!" तो दचकून थांबला. त्या 'मला उचल' म्हणत नव्हत्या. 'मला धर' म्हणत होत्या.

मी खालच्या पायरीवर त्यांच्या पाठीशी बसले, त्यांचे डोके खांद्यावर घेतले आणि हात धरला. त्यांनी 'टेप्पिश' मागितला, तेव्हा विद्यार्थ्याला सांगितले, पलंगावरचे लोकरी पांघरूण आण. मग मी मोबाइलवरून ११२ लावला. वर्गात आम्हाला आणीबाणीचा एक धडा होता, जो सगळ्यांनी जांभया देत ऐकला होता: कोठे घडले, काय घडले, किती जण जखमी, कोणत्या प्रकारची इजा, आणि पुढचे प्रश्न येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. जर्मनमध्ये हे पाचही शब्द 'व'ने सुरू होतात. मी एकामागून एक उत्तरे दिली. पत्ता, वय, जिना, डावा खुबा. शब्दांची लिंगे त्या रात्री कोणी तपासली नाहीत. रुग्णवाहिका आली, त्यांनी पाय जखडून आजीबाईंना अलगद नेले, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. जिना रिकामा, घर गप्प. मी वही उघडून बसले. डाव्या रकान्यातले सारे अर्थ बरोबर होते. कोणत्याही परीक्षकाने त्यांना पूर्ण गुण दिले असते, आणि हाम्बुर्गच्या मुलाने तर ते आईच्या मांडीवर शिकलेले. पण तळघरात उपयोगी पडला तो उजवा रकाना. आपल्याकडेही हेच नाही का? पुण्यात मराठी शिकून एखादा परदेशी पाहुणा कोल्हापूरला गेला आणि तेथल्या बाईने 'मी येतो' म्हणून निरोप घेतला, तर तो पुस्तक उघडून चूक शोधू लागेल. चूक कोणाचीच नसते. पुस्तक दारापर्यंत आणून सोडते. आत कसे बोलतात ते आतल्या माणसांकडूनच शिकायचे.

'तू'चा मान

इस्पितळ आणि नंतरचे आरोग्यधाम करून आजीबाई एप्रिलात घरी आल्या. चाकांची ढकलगाडी धरून, पण स्वतःच्या पायांनी. रोज सकाळी मी त्यांच्याकडून व्यायाम करवून घेऊ लागले. दहा वेळा पाय उचलायचा. "लुप्फे!" मी म्हणे. "आता हेबे!" म्हटले की पाच आकडे होईपर्यंत पाय तसाच धरायचा. त्या कुरकुर करीत, पण करीत. जूनमध्ये मी परीक्षा उत्तीर्ण झाले. तोंडी परीक्षेत परीक्षकबाईंनी विचारले, "तुमच्या बोलण्याला हा श्वाबेनचा वास कोठून आला?"

निकालाच्या दिवशी आजीबाईंनी कॉफीला बोलाविले. या खेपेला वेळ मला अचूक कळली. त्यांनी दोन पेले काढले, वाइन ओतली आणि आपले पहिले नाव सांगून म्हणाल्या, "आजपासून 'डू' म्हण." जर्मनीत 'झी'वरून 'डू'वर येणे ही लहानसहान गोष्ट नाही. ते वडील माणसाने देऊ करायचे असते, धाकट्याने मागायचे नसते. वर्षानुवर्षे शेजारी राहणारी माणसेही कधी कधी 'तुम्ही'वरच थांबतात. मला मात्र त्या रात्रीचे "हेब मि!" आठवले. त्यातले क्रियापद 'तू'चे होते. पडताना त्यांनी मला 'तू' म्हटले होते; आता सावधपणे, वाइनचा पेला हाती घेऊन, त्या मला तो अधिकार परत देत होत्या.

रात्री पुण्याला फोन केला आणि आईला ही हकीकत सांगितली. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, ऐंशीच्या घरातली बाई ती. तिला तू अरेतुरे करणार?"

"अरेतुरे कसले?" मी म्हटले. "तुलाही मी 'तू'च म्हणते ना?"